एक पट्टी समजली की अख्खं कन्सोल समजतं

मोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याची नजर आधी कन्सोलवरच, म्हणजे आवाज मिसळायच्या मोठ्या टेबलावरच, खिळते. काचेच्या खिडकीसमोर आडवं पसरलेलं ते धूड आणि त्यावर रांगांमागून रांगा नॉब, बटणं, दिवे, मीटर. यातलं एखादं बटण चुकून दाबलं गेलं तर काय होईल, या धास्तीने माणूस हात मागे बांधूनच उभा राहतो. एका आवाजासाठी असलेल्या नॉब-बटणांच्या उभ्या रांगेला पट्टी म्हणतात. 72 पट्ट्यांच्या कन्सोलवर एकेका पट्टीत पन्नासच नॉब-बटणं धरली तरी एकूण आकडा 3,600 वर जातो. धास्ती वाटणं साहजिक आहे.

पण शितावरून भाताची परीक्षा करता येते अशा यंत्रांपैकी हे एक आहे. डावीकडची पहिली पट्टी आणि उजवीकडची शेवटची पट्टी यांत बहुतेक काडीचाही फरक नसतो. एक उभी पट्टी वरपासून खालपर्यंत समजली की बाकीच्या आपोआप समजल्या. मग उरतो तो मधला थोडासा भाग आणि एक प्रश्न: या पट्ट्यांतून निघालेला आवाज जातो कुठे? माझ्या मते खरी मेख याच प्रश्नात आहे. कुठला नॉब फिरवला की आवाज कसा बदलतो, हे कान लवकर शिकतो. आवाज या क्षणी कुठल्या वाटेने चालला आहे हे डोक्यात सतत जागं ठेवायला मात्र वर्षं लागतात. म्हणून आपण एका गायिकेच्या आवाजाचं बोट धरू आणि मायक्रोफोनपासून स्पीकरपर्यंत चालत जाऊ.

निघण्याआधी एक खुलासा. अॅनालॉग म्हणजे हवेचा दाब जसा हलतो तसाच तारेतला व्होल्टेज हलतो. मधे कुठेही त्याचे आकडे होत नाहीत. गायिकेच्या सुराने हवा सेकंदाला 440 वेळा हलली की तारेतला व्होल्टेजही सेकंदाला 440 वेळा वरखाली होतो. हा हलता व्होल्टेज वाढवायचा, कमी करायचा, घडवायचा, वाटून द्यायचा आणि इतरांत मिसळायचा, एवढंच काम हे धूड करतं.

दोन मिलिव्होल्टपासून सुरुवात

साध्या डायनॅमिक मायक्रोफोनसमोर कुणी मोकळ्या गळ्याने गायलं तर मायक्रोफोनमधून साधारण दोन मिलिव्होल्ट निघतात. म्हणजे एका व्होल्टचा पाचशेवा भाग. कन्सोलच्या पोटात आवाज ज्या पातळीवर वावरतो, ती व्यावसायिक लाइन लेव्हल मात्र 1.23 व्होल्टची असते. दोन मिलिव्होल्टना तिथवर न्यायचं म्हणजे सुमारे 600 पट वाढ करायची. पट्टीतला पहिला भाग, प्रीअँप, हेच काम करतो आणि पट्टीवरचा गेन नावाचा नॉब त्याचाच.

स्टुडिओत ‘600 पट’ कुणी म्हणत नाही, ‘56 डेसिबल गेन’ म्हणतात. डेसिबलला बिचकायचं कारण नाही. व्होल्टेजच्या हिशेबात 6 डेसिबल म्हणजे दुप्पट, 20 म्हणजे दहापट, 60 म्हणजे हजारपट. पटींचा गुणाकार करण्याऐवजी डेसिबलची नुसती बेरीज-वजाबाकी करता येते, म्हणून हे माप रूढ झालं.

इतका नाजूक सिग्नल लांबलचक केबलमधून येताना वाटेत विजेच्या तारांची घूंऽऽ उचलणारच. त्यावरची युक्ती मला आजही विलक्षण सुंदर वाटते. केबलमध्ये शील्डच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या वेष्टणाच्या, आत दोन तारा असतात आणि दोन्हींमधून तोच आवाज जातो, फक्त एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. बाहेरची घूंऽऽ मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरते. कन्सोलच्या तोंडाशी असलेला ट्रान्सफॉर्मर किंवा सर्किट या दोघींतला फरक तेवढा घेतं. सुलट्यातून उलटा वजा केला की आवाज टिकतो, आणि जे दोन्हीकडे सारखं होतं ते वजा होऊन जातं. याला बॅलन्स्ड लाइन म्हणतात. तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर तीन पिनांचा असतो तो याचसाठी: एक शील्डची आणि दोन या जोडीच्या.

पट्टीवरचं 48 व्होल्टचं बटणही याच जोडीचा फायदा घेतं. कंडेन्सर मायक्रोफोनला आतलं सर्किट चालवायला वीज लागते. कन्सोल ती त्याच केबलमधून वर पाठवतं, दोन्ही तारांवर अगदी सारखे 48 व्होल्ट ठेवून. दोन्हीकडे सारखे असल्यामुळे त्यांच्यातला फरक शून्य, म्हणजे आवाजाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. फँटम पॉवर हे नाव त्यावरूनच पडलं. असतं, पण दिसत नाही.

आता गेन किती ठेवायचा? नवख्या माणसाला वाटतं, कमी असला तर पुढे फेडरने, म्हणजे पट्टीच्या तळाच्या सरकत्या नियंत्रकाने, वाढवू. इथेच घात होतो. प्रत्येक सर्किट स्वतःची बारीकशी शूंऽऽ आवाजात मिसळतं. यातून सुटका नाही, कारण नुसत्या रेझिस्टरमध्येसुद्धा उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन थरथरत असतात आणि ती थरथर ऐकू येते. सुरुवातीलाच आवाज पुरेसा मोठा करून घेतला तर पुढच्या टप्प्यांची शूंऽऽ त्याच्यापुढे नगण्य ठरते. सुरुवातीला 20 डेसिबल कमी ठेवून शेवटी तेवढे वाढवले, तर गाण्याबरोबर मधल्या सगळ्या टप्प्यांची शूंऽऽही दहापट होऊन बसते.

दुसऱ्या टोकाला छत आहे. आतली सर्किटं साधारण उणे-अधिक 15 ते 18 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. सिग्नल त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. गेला तर लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरचा काटा शून्यावर असतो तेव्हा आत 1.23 व्होल्ट असतात आणि चांगल्या कन्सोलचं छत त्याच्या दहापट वर, 12 व्होल्टच्या आसपास असतं. म्हणजे 20 डेसिबलची मोकळी जागा. हिला हेडरूम म्हणतात आणि ती चैन नव्हे, गरज आहे. व्हीयूचा काटा मुळात सुस्त असतो. आवाज आल्यावर पूर्ण वर जायला त्याला सुमारे 300 मिलिसेकंद लागतात. ड्रमचा टोला तोवर येऊन गेलेलाही असतो. काटा जिथे उणे 10 दाखवतो तिथे खरा टोला त्याच्या कितीतरी वर पोचलेला असू शकतो. खाली शूंऽऽचा तळ, वर कापाकापीचं छत, आणि या दोहोंमधून आवाजाला सुखरूप नेणं, हे काम पट्टीतल्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने करावं लागतं.

पट्टीवरून खाली उतरताना

प्रीअँपच्या शेजारी दोन छोटी बटणं असतात. पॅड आवाज आधीच 20 डेसिबलच्या आसपास कमी करतं. ड्रमजवळच्या मायक्रोफोनला ते लागतं. दुसरं फेज उलटण्याचं. स्नेअर ड्रमला वरून एक आणि खालून एक मायक्रोफोन लावला, तर काठी पडल्यावर चामडं वरच्यापासून दूर जातं आणि खालच्याकडे येतं. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट. नुसत्या मिसळल्या तर ड्रमचा गाभा हरवतो. एक बटण दाबून खालची लाट उलटली की ड्रम पुन्हा भरदार होतो. कन्सोलवरचं सगळ्यात स्वस्त सर्किट असेल ते, पण त्याने वाचवलेल्या रेकॉर्डिंगांना गणती नाही.

मग येतो इक्वलायझर, म्हणजे इक्यू. खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचा तोल बदलायचं साधन. कपॅसिटर उंच सुरांना सहज जाऊ देतो आणि खालच्यांना अडवतो, कॉइल याच्या बरोबर उलट वागते. या दोघांच्या, किंवा कपॅसिटर आणि अँप्लिफायरच्या, जोडण्यांतून सगळे इक्यू बनतात. रुपर्ट नीव्ह यांच्या कंपनीचं 1970 साली आलेलं 1073 हे मॉड्यूल घ्या. त्यात मधल्या सुरांसाठी 360, 700 हर्ट्झ, 1.6, 3.2, 4.8 आणि 7.2 किलोहर्ट्झ अशा सहाच जागा आहेत. वरच्या सुरांना तर 12 किलोहर्ट्झ ही एकच. आजच्या मानाने ही निवड तुटपुंजी वाटेल, पण त्या जागा इतक्या जाणतेपणाने निवडल्या आहेत की पन्नास वर्षांनंतरही लोक ते मॉड्यूल शोधत असतात. पर्याय कमी असले की हात लवकर निर्णय घेतो, हा माझा अनुभव आहे.

काही कन्सोलांत प्रत्येक पट्टीला स्वतःचा कंप्रेसर आणि गेट असतो. कंप्रेसर मोठा आवाज आपणहून दाबतो, गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो. सॉलिड स्टेट लॉजिक या ब्रिटिश कंपनीच्या 1979 च्या एसएल 4000 ई कन्सोलने ही सोय पट्टीपट्टीत दिली आणि पुढच्या दशकातल्या पॉप संगीताचा पोतच त्यातून घडला. ज्यांच्याकडे ही सोय नाही, किंवा ज्यांना बाहेरचंच एखादं यंत्र हवं असतं, त्यांच्यासाठी पट्टीत इन्सर्ट असतो. इथे सिग्नल पट्टीतून बाहेर काढून, बाहेरच्या यंत्रातून फिरवून, त्याच जागी परत आत आणता येतो.

ही बाहेरची ये-जा पॅचबेवर होते. शेकडो बारीक भोकांच्या रांगा आणि त्यांत खोचायच्या आखूड केबली. भोकात काही खोचलेलं नसताना वरच्या रांगेतला सिग्नल आतल्या आतच खालच्या रांगेत उतरतो. याला नॉर्मल म्हणतात. केबल खोचली की ती आतली वाट तुटते आणि सिग्नल तुम्ही दाखवाल तिकडे जातो. म्हणजे काहीच न केलं तर कन्सोल नेहमीच्या वाटेने चालतं, आणि वाट वाकडी करायची तर एका केबलीचं काम. आवाज येत नसला तर जाणता माणूस आधी पॅचबेच पाहतो.

फेडर, आणि त्याच्या आधी की नंतर

पट्टीच्या तळाशी सरकता फेडर असतो. जुन्या कन्सोलांवर याच कामाला गोल नॉब असायचे. अटलांटिक रेकॉर्ड्सचे इंजिनिअर टॉम डाउड यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस सरळ रेषेत सरकणाऱ्या फेडरांचा आग्रह धरला. कारण साधं आहे: गोल नॉब एका हाताने एक, फार तर दोन फिरवता येतात. सरकते फेडर मात्र पियानोच्या पट्ट्यांसारखे, एकेका बोटाखाली एकेक. मिक्सिंग हे वाजवण्यासारखं काम झालं ते इथून.

फेडरची चाल साधारण 100 मिलिमीटर. वरून थोड्या खाली शून्याची खूण असते. तिथे सिग्नल जसाच्या तसा जातो, त्याच्या वर 10 डेसिबलपर्यंत वाढ मिळते. शून्याच्या आसपास एक सेंटिमीटर सरकवलं तर बदल काही डेसिबलचाच, पण तळाशी तेवढ्याच अंतरात वीस-तीस डेसिबल निघून जातात. म्हणून गेन असा लावतात की फेडर शून्याजवळ बसावा. बोटाला बारकावा तिथेच मिळतो.

आता जरा थांबून एक गोष्ट नीट पाहू, कारण ती कळली की निम्मं कन्सोल कळलं. गायिका काचेपलीकडे हेडफोन लावून उभी आहे. तिला तिचा आवाज हेडफोनमध्ये हवा आहे. त्यासाठी पट्टीवर ऑक्स सेंडचे नॉब असतात: सिग्नलची एक प्रत काढून वेगळ्या वाटेने पाठवणारे. ही प्रत फेडरच्या आधी काढायची की नंतर?

समजा नंतर काढली. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या इंजिनिअरला तबला नीट ऐकायचा आहे, म्हणून तो क्षणभर गायनाचा फेडर खाली ओढतो. त्याच क्षणी काचेपलीकडच्या गायिकेच्या कानातून तिचाच आवाज नाहीसा होतो आणि ती ओळ अर्ध्यावर सोडून खिडकीकडे पाहू लागते. म्हणून हेडफोनचा सेंड नेहमी फेडरच्या आधी घ्यायचा, म्हणजे प्री-फेडर. इंजिनिअरने इकडे काहीही केलं तरी तिच्या कानातलं जग हलत नाही.

रिव्हर्बचं नेमकं उलटं. रिव्हर्ब म्हणजे आवाजाचा घुमारा. तो आवाजाच्या प्रमाणात हवा. सेंड प्री-फेडर ठेवला आणि फेडर खाली आणला, तर मूळ आवाज जाईल आणि घुमारा मागे तरंगत राहील, माणूस निघून गेल्यावर सावली उरावी तसा. म्हणून रिव्हर्बचा सेंड पोस्ट-फेडर. नॉब तोच, शेजारी एक बटण, आणि ते चुकलं की गोंधळ. कन्सोलवरच्या कितीतरी बटणांचं काम असंच असतं. ती आवाज बदलत नाहीत, वाट बदलतात.

बस म्हणजे सामाईक पाट

फेडरनंतर पॅनचा नॉब. तो आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला किती वाटायचा ते ठरवतो. मधोमध ठेवल्यावर दोन्ही स्पीकर बोलतात आणि आवाज उगाच मोठा वाटू नये म्हणून मध्याला प्रत्येक बाजू साधारण 3 डेसिबल कमी केलेली असते. त्यानंतर येतात वाट दाखवणारी बटणं: 1, 2, 3, 4 अशी 24 किंवा 32 पर्यंत, आणि स्टिरिओसाठी एक. या प्रत्येक बटणामागे एक बस असते.

बस म्हणजे कन्सोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक सामाईक तार. प्रत्येक पट्टी तिच्यावर आपलं पाणी सोडू शकते. पाटाचं पाणी धरणाऱ्याला हे लगेच समजेल: कुठलं दार उघडायचं आणि कुठलं बुजवायचं, एवढ्यावर पाणी कुठल्या वाफ्यात जाईल ते ठरतं. आठ मायक्रोफोनांचे ड्रम बस 1 आणि 2 वर सोडले की ते टेपच्या दोन ट्रॅकांवर, म्हणजे आवाज साठवायच्या दोन स्वतंत्र ओळींवर, एकत्र रेकॉर्ड होतात. गायन बस 7 वर सोडलं की सातव्या ट्रॅकवर जातं.

वाटतं तितकं हे मिसळणं सोपं नाही. तारा नुसत्या एकमेकींना जोडल्या तर प्रत्येक पट्टी दुसरीवर भार टाकते. एक फेडर हलवला की बाकीच्यांची पातळी बदलते. यावरचा रूढ उपाय असा: प्रत्येक पट्टी एका रेझिस्टरमधून बसवर येते आणि बसच्या शेवटी एक अँप्लिफायर असा जोडतात की तो त्या तारेवरचा व्होल्टेज सतत शून्यावर धरून ठेवतो. पट्ट्यांकडून येणारा प्रवाह तो शोषतो आणि त्यांची बेरीज पुढे देतो. तार सतत शून्यावर असल्यामुळे कुठल्याही पट्टीला दुसरीचा पत्ताच लागत नाही. या जागेला व्हर्च्युअल अर्थ म्हणतात. जमिनीला जोडलेली नाही, पण जमिनीसारखी वागणारी.

याची किंमत मोजावी लागते. या जोडणीत अँप्लिफायर आवाजाला एकपटच ठेवतो, पण स्वतःच्या शूंऽऽला मात्र पट्ट्यांच्या संख्येइतका, अधिक एक, वाढवतो. 48 पट्ट्या जोडल्या तर 49 पट, म्हणजे जवळपास 34 डेसिबल. एक पट्टीही न वाजता. म्हणून मोठ्या कन्सोलचा कस इक्यूत नव्हे, बसवर लागतो. कमी पट्ट्यांचं छोटं डेस्क आणि 72 पट्ट्यांचं मोठं, यांच्यातला फरक नुसत्या संख्येचा नसतो. संख्या वाढली की ही बेरीज स्वच्छ ठेवणं कठीण होत जातं.

त्यात प्रत्येक उघड्या पट्टीची शूंऽऽही येते. ती मात्र थेट बेरजेने वाढत नाही, कारण प्रत्येकीची थरथर वेगळी असते. 48 सारख्या पट्ट्यांची मिळून ती 48 पट न होता सुमारे 7 पट होते. तेवढी तरी कशाला घ्या? म्हणून वापरात नसलेली प्रत्येक पट्टी म्यूट ठेवायची सवय हाताला लागलेली असते.

एकाच पट्टीत दोन वाटा

सुरुवातीची कन्सोल आजच्या मानाने चिमुकली होती. ॲबी रोडच्या ईएमआय स्टुडिओतल्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या रेड 51 कन्सोलला 8 मायक्रोफोन इनपुट आणि 4 आउटपुट होते. ट्रॅकांची संख्या वाढत गेली तसं कन्सोलही वाढलं. त्याच स्टुडिओत 1968 साली आलेल्या ट्रान्झिस्टरच्या टीजी 12345 ला 24 मायक्रोफोन इनपुट आणि 8 टेप आउटपुट होते. पुढे दोन इंची टेपवर 24 ट्रॅक मावू लागले आणि मोठा पेच उभा राहिला.

पेच असा. रेकॉर्डिंग चालू असताना दोन कामं एकाच वेळी होतात. एक, मायक्रोफोनचा आवाज योग्य पातळीवर टेपवर पाठवणं. दोन, टेपवर आधीचं जे आहे आणि आत्ता जे जातं आहे, ते सगळं ऐकण्याजोगं मिसळून स्पीकरवर देणं. गिटार ऐकताना जरा मोठी वाटते म्हणून फेडर खाली केला आणि तोच फेडर टेपकडे जाणारी पातळीही ठरवत असला, तर टेपवर गिटार कमी जाईल. ऐकायची पातळी आणि रेकॉर्ड करायची पातळी वेगळ्याच हव्यात.

आधी यासाठी कन्सोलचे दोन भाग करत: एकीकडे मायक्रोफोनच्या पट्ट्या, दुसरीकडे टेपवरून परत येणाऱ्या ट्रॅकांचा ऐकण्याचा भाग. 24 ट्रॅकांना ही मांडणी फार लांबलचक होऊ लागली. इंजिनिअर एका टोकाला मायक्रोफोन लावतो आणि दुसऱ्या टोकाला धावत जाऊन ऐकतो. मग दोन्ही वाटा एकाच पट्टीत बसवायची कल्पना आली. डेव्ह हॅरिसन हे तिच्या प्रणेत्यांपैकी एक. तिला इनलाइन म्हणतात. म्हणूनच अशा कन्सोलच्या पट्टीवर दोन फेडर दिसतात, एक मोठा आणि एक छोटा. मायक्रोफोनची वाट एकातून जाते आणि टेपवर पोचते. त्याच टेपचा परतीचा आवाज दुसऱ्यातून येतो आणि स्पीकरवर जातो.

पाहुण्यांना कन्सोल दाखवताना या दोन फेडरांपाशीच बहुतेकांचा धागा सुटतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. एकाच पट्टीत दोन वेगळे प्रवास एकमेकांना ओलांडून जात असतात. इक्यू कुठल्या वाटेवर टाकायचा, कंप्रेसर कुठल्या, मोठा फेडर कुणाला द्यायचा, हे सगळं बटणांनी बदलता येतं. मिक्सिंगच्या वेळी मायक्रोफोन उरलेलेच नसतात, तेव्हा टेपचे ट्रॅक मोठ्या फेडरवर येतात आणि छोट्या फेडरांची अख्खी रांग मोकळी होते. 48 पट्ट्यांच्या कन्सोलवर तिथे आणखी 48 आवाज आणता येतात.

मधला भाग

पट्ट्यांच्या रांगेत मधोमध इंजिनिअर बसतो आणि त्याच्या हाताशी मास्टर विभाग असतो. स्टिरिओ बसचा मुख्य फेडर, स्पीकर बदलायची बटणं, ऐकण्याची पातळी आणि डिम. फोन आला किंवा कुणी बोलायला लागलं की डिम दाबायचं, आवाज साधारण 20 डेसिबल खाली येतो. मिक्सला धक्का लागत नाही, फक्त खोलीतला आवाज कमी होतो. मोनोचं बटण डावं-उजवं एकत्र करून ऐकवतं आणि स्टिरिओत लपलेली फेजची गडबड लगेच उघडी पडते.

सोलो म्हणजे हीच एक पट्टी ऐकव. यातही वाटेचा प्रश्न आहेच. एका प्रकारात कन्सोल फक्त ऐकण्याची वाट बदलतं, मूळ मिक्स मागे तसंच चालू राहतं. दुसऱ्या प्रकारात बाकीच्या सगळ्या पट्ट्या खरोखर म्यूट होतात. मिक्सिंग करताना हा दुसरा प्रकार उत्तम, कारण आवाज त्याच्या पॅन आणि रिव्हर्बसकट ऐकू येतो. पण अंतिम मिक्स मास्टर टेपवर उतरत असताना हे बटण दाबलं गेलं, तर टेपवरही तेवढा एकच आवाज जातो. कुठला प्रकार चालू आहे हे पाहिल्याशिवाय सोलोला हात लावू नये, हे नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं.

मग टॉकबॅक: बटण दाबून धरलं की इंजिनिअरचा आवाज गायिकेच्या हेडफोनमध्ये जातो. तिच्याकडून परत ऐकायला स्टुडिओत छताला एक मायक्रोफोन टांगलेला असतो. वादक कोपऱ्यातून हळू बोलला तरी ऐकू यावं आणि कुणी जवळून ओरडलं तरी कान फाटू नये, म्हणून त्याच्यावर अतिशय कडक कंप्रेसर बसवलेला असतो. हे सर्किट फक्त बोलण्यासाठी होतं. 1979 साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएल यांच्या अल्बमचं काम चालू असताना फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते आणि इंजिनिअर ह्यू पॅजम यांच्याकडून त्या छताच्या मायक्रोफोनचं बटण दाबलेलं होतं. त्या कंप्रेसरने ड्रमचा खोलीतला घुमारा ओढून असा काही पुढे आणला की सगळे थक्क झाले. अडचण एकच होती: त्या मायक्रोफोनला रेकॉर्डिंगकडे जाणारी वाटच नव्हती. कन्सोलमध्ये फेरफार करून त्याचा आवाज पॅचबेवर काढण्यात आला, गेटने घुमाऱ्याची शेपूट कापली, आणि पुढची दहा वर्षं जगभरच्या गाण्यांत तो ड्रम गाजत राहिला. सर्किट आधीपासून होतंच. नव्हती ती वाट.

लक्षात ठेवणारं यंत्र

फेडरच्या हालचाली लक्षात ठेवून आपोआप परत करणारं ऑटोमेशन येण्याआधी गाणं मिक्स करताना जितके हात मिळतील तितके कन्सोलवर लागत. दुसऱ्या कडव्याला गिटार इतकी वर, शेवटी कोरस इतका खाली, असं प्रत्येकाने आपापलं पाठ करायचं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नंतर दोन प्रकारे सुटका झाली. नीव्हच्या नेकॅम यंत्रणेत फेडरलाच मोटर होती, तो आपला आपण सरकत असे. सॉलिड स्टेट लॉजिकच्या कन्सोलात फेडरमधून आवाज जातच नसे. फेडर नुसता नियंत्रणाचा व्होल्टेज देई आणि व्हीसीए नावाचं सर्किट त्या व्होल्टेजनुसार आवाज कमी-जास्त करी. तो व्होल्टेज संगणकाने लक्षात ठेवला की झालं.

बाकीच्या हजारो नॉबांचं काय? त्यासाठी टोटल रिकॉल. संगणक प्रत्येक नॉबची जागा नोंदवून ठेवतो. पण नॉबला मोटर नाही. म्हणून महिन्याभराने तेच गाणं पुन्हा उघडलं की असिस्टंट पडद्यासमोर बसून एकेक नॉब हाताने फिरवत नोंदीशी जुळवतो. तासन् तास लागतात. इतकं करूनही थोडा फरक राहतोच, कारण बाहेरची यंत्रं, पॅचबे आणि त्या दिवशीचे कान या नोंदीत नसतात.

या कन्सोलांना काही ‘ऊब’ असते असं फार बोललं जातं. त्यातला खरा भाग मोजता येतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर खालच्या सुरांचा मोठा सिग्नल आला की तो थोडा वाकतो आणि मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा एक बारीक सूर त्यात मिसळतो. एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारा क्लास ए टप्पा दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर मिसळतो. पट्टीत हे टप्पे अनेक असतात आणि पट्ट्याही अनेक. कानाला ते गोड लागतं, मलाही लागतं. पण वाट चुकलेल्या मिक्सला कुठलाही ट्रान्सफॉर्मर वाचवत नाही.

हे यंत्र चालू ठेवणं हा स्वतंत्र संसार आहे. वीजपुरवठ्याची जड यंत्रं बहुधा दुसऱ्या खोलीत असतात, तरी कन्सोलच्या वर हात धरला की ऊब लागते. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या उष्णतेने वर्षानुवर्षं वाळत जातात आणि मग एखाद्या पट्टीचा खर्ज पातळ होतो किंवा घूंऽऽ येऊ लागते. बटणांचे संपर्क काळवंडतात, फेडर खरखरतो. बिघडलेली पट्टी स्क्रू काढून वर उचलली आणि शेजारची तिच्या जागी बसवली की दोष पट्टीत आहे की तिच्याखालच्या जोडणीत, ते पाच मिनिटांत कळतं. सगळ्या पट्ट्या सारख्या असण्याचा हा मोठा फायदा.

एका सत्रात गायनाच्या ट्रॅकवर कुठूनशी शूंऽऽ येत होती आणि मी अर्धा तास मायक्रोफोन, केबल, प्रीअँप बदलत बसलो होतो. शेवटी सापडलं ते पार टोकाला. आदल्या दिवशीच्या कामातली एक पट्टी, मायक्रोफोन काढलेला, गेन पूर्ण वर, फेडर उघडा, आणि बस 7 चं बटण दाबलेलंच. आमचं गायनही बस 7 वरूनच चाललं होतं.

म्हणून काम संपलं की कन्सोल शून्यावर आणतात. सगळे निघून गेल्यावर असिस्टंट डाव्या टोकाला उभा राहतो आणि पट्टीमागून पट्टी सरकत जातो. गेन खाली, इक्यू सपाट, ऑक्स बंद, पॅन मध्ये, बसची बटणं बाहेर, फेडर तळाला. प्रत्येक पट्टीशी मिनिटभर. पॅचबेवरच्या केबली काढून खुंटीवर टांगायच्या. पॅचबेवर 48 व्होल्ट उभे असताना केबल खोचली-काढली तर मायक्रोफोनला इजा होऊ शकते, म्हणून फँटमची बटणं तो पॅचबेला हात लावण्याआधीच बंद करतो आणि जाता जाता त्यांच्या दिव्यांच्या ओळीवरून पुन्हा एकदा नजर फिरवतो.